मोडीत देण्याआधी भांड्यावरचे नाव वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या आधी भांड्यांच्या दुकानांत मोड घालायला गर्दी होते. माळ्यावरून उतरलेले तांबे-पितळ पोत्यातून येते, काट्यावर चढते, झाळ (सांधे जोडायला वितळवून भरलेला धातू) आणि लोखंडी कड्यांची घट कापली जाते आणि उरलेल्या वजनाचे पैसे किंवा तेवढ्या किमतीचे स्टील घेऊन माणूस घरी जातो. या व्यवहाराला आमचा आक्षेप नाही. दोन खोल्यांच्या घरात पाच घागरी आणि दोन घंगाळी कोण ठेवणार? पण अशा पोत्यात नाव घातलेली चार-दोन भांडी हमखास निघतात आणि ती नावे देणाऱ्याने वाचलेली नसतात, घेणाऱ्याला वाचायचे कारण नसते. आम्ही तांब्या-पितळेची भांडी नीट करण्याच्या धंद्यात आहोत. त्या जोरावर एवढेच सांगायचे आहे की भांडे द्या किंवा ठेवा, त्याआधी त्यावर काय कोरले आहे ते वाचून घ्या. आणि ठेवणार असाल, तर ते कोरलेले टिकेल अशी निगा ठेवा. खाली लिहिलेले सगळे या दोन गोष्टींसाठीच आहे.

भांड्यावर नाव घालायची मूळ गरज रोखठोक होती. लग्नामुंजीला, सत्यनारायणाला आळीतली भांडी एकत्र यायची. पंगत उठल्यावर कोणाची परात कोणती आणि कोणाचे पातेले कोणते, यावरून तंटा नको म्हणून मालकाचे नाव काठावर टोचून घेत. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्या-घेणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि मिती घालण्याची रीत याच्या जोडीने रुजली. त्यामुळे बारसे, मुंज, लग्न, डोहाळजेवण, अधिक मासाचे वाण, कोणाचे स्मरण, असा घराचा बराचसा इतिहास फडताळातल्या भांड्यांवर लिहिलेला सापडतो. एक गोष्ट तर अशी आहे की ती घरातल्या कागदांत बहुधा मिळत नाही. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल होती तेव्हा आजी-पणजीचे माहेरचे नाव शाळेचा दाखला नसेल तर कुठेच उरत नसे. माहेरहून आलेल्या भांड्यावर ते असते, कारण ते भांडे लग्नाच्या आधी घेतलेले आणि कोरलेले असते.

नाव शोधायचे कुठे? तांब्या, कळशी, घागर, हंडा यांच्या गळ्याखालच्या उतारावर. पातेल्याच्या, तपेलीच्या काठाच्या बाहेरच्या अंगाला. परातीच्या आणि ताटाच्या काठावर, वरच्या बाजूने. डब्याच्या झाकणावर आणि झाकणाच्या आतसुद्धा. समईच्या बैठकीच्या कडेला. घंगाळाच्या कड्यांच्या मधल्या जागेत. बुडाखालीही पाहावे, पण तिथे बहुतेक वेळा वजनाचे आकडे असतात. झाकण आणि डबा यांवर वेगवेगळी नावे असतील तर घाबरू नका. कुठल्या तरी कार्यात झाकणांची अदलाबदल झाली, एवढाच त्याचा अर्थ. एकाच भांड्यावर दोन वेगळ्या हातांनी घातलेली दोन नावे असतील तर पहिले आहेराचे आणि दुसरे वाटणीनंतरचे असण्याचा संभव मोठा.

जुने नाव म्हणजे टोकदार छिन्नी आणि हलकी हातोडी घेऊन एकेक ठिपका ठोकून काढलेली अक्षरे. विजेच्या पेनाने घातलेले नाव सलग, किंचित थरथरत्या रेघेचे दिसते आणि उथळ असते. ठिपके खोल असतात, पण त्यांत पावडरी आणि मेण बसून ते बुजतात. असे नाव वाचायला भांडे घासू नका. आधी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन कोरडे करा. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च भांड्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून, आडवा धरा. ठिपक्यांच्या सावल्या पडतात आणि समोरून न दिसलेली अक्षरे उठून येतात. त्याच उजेडात मोबाइलने फोटो घ्या, टॉर्चची दिशा बदलून आणखी तीन-चार घ्या, कारण एका बाजूच्या उजेडात काही काने-मात्रे लपतात. काळवंडलेल्या भांड्यावर टाल्कम पावडर बोटाने चोळून वरची पुसली की ठिपके पांढरे दिसतात. रांगोळी मात्र वापरायची नाही. ती दगडाची भुकटी आहे, चरे पाडते. तरी लागले नाही, तर ट्रेसिंग पेपर भांड्यावर घट्ट धरून मऊ शिशाची पेन्सिल आडवी फिरवावी. कागद हलला की ठसा दुहेरी उमटतो, म्हणून एकाने धरावे आणि दुसऱ्याने फिरवावे.

आता वाचन. 'चि. सौ. कां.' म्हणजे लग्न व्हायचे आहे अशी वधू, 'सौ.' असेल तर भांडे लग्नात किंवा नंतर दिलेले. 'गं. भा.' विधवेसाठी, 'ति.' वडीलधाऱ्यांसाठी, 'रा. रा.' हे त्या काळचे श्रीयुत. 'मि.' म्हणजे मिती. 'ता.' चा अर्थ तारीखही होतो आणि तालुकाही; पुढे आकडा आहे की गावाचे नाव, यावरून ठरवावे. 'शु.' आणि 'व.' हे पंधरवडे.

गफलत होते ती शकात. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सर्वांना पाठ असते, पण ते चैत्रापासून साधारण मार्गशीर्ष-पौषापर्यंत खरे. एक जानेवारी उलटली की शक तोच राहतो आणि सन पुढे सरकतो, म्हणून माघ-फाल्गुनासाठी ७९ मिळवायचे. 'माघ शु. ५ शके १८५९' असे भांड्यावर असेल तर ते १९३७ नव्हे, १९३८ च्या फेब्रुवारीतले. माघ-फाल्गुनात लग्ने पुष्कळ होतात, त्यामुळे ही एका वर्षाची चूक घरोघरच्या वंशावळींत शिरलेली असते. पौषातली मिती दोन्हीकडे पडू शकते. तिथे जुने पंचांग पाहण्यावाचून गत्यंतर नाही. मिती अधिक मासाची असेल तर काम सोपे होते. अधिक मास साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एकदा येतो आणि तोच महिना पुन्हा अधिक व्हायला बरीच वर्षे जातात, त्यामुळे शक पुसला गेला असला तरी 'अधिक श्रावण' एवढ्यावरून मोजकीच वर्षे शक्य उरतात.

बुडाखालचे आकडे बरेच लोक सन समजतात. '२॥' म्हणजे अडीच. एक दंड, म्हणजे उभी रेघ, पाव; दोन दंड अर्धा, तीन दंड पाऊण. हे दुकानदाराने टाकलेले वजन असते, शेरात. ८० तोळ्यांचा पक्का शेर ९३३ ग्रॅमचा, आणि त्याचे १६ छटाक म्हणजे दर छटाक ५८ ग्रॅम. भांडे घरच्या वजनकाट्यावर ठेवा. '२॥' असेल आणि काटा २३०० ग्रॅमच्या आसपास दाखवत असेल तर शंकाच नको. थोडी तूट झिजेची असते. मोठा फरक असेल तर एक तर मुंबईच्या लहान शेरासारखा स्थानिक शेर असेल, नाही तर कडी-कान मागाहून बदललेले असतील. मेट्रिक वजने १९५८ पासून येऊ लागली आणि १९६२ पर्यंत सक्तीची झाली, तेव्हा शेरातले वजन असलेले भांडे साधारण १९६० च्या आधीचे धरायला हरकत नाही. नावाखाली मिती नसली तर ही खूण उपयोगी पडते.

इतके झाले की फोटोसोबत एक चिठ्ठी लिहून ठेवा: अक्षरे जशी आहेत तशी, चुकांसकट, भांड्याचा प्रकार, धातू, वजन, काठाचा व्यास, कोणाकडून कोणाला आले आणि घरात ते कशासाठी वापरत. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण ती भांड्यावर नसते. कोणती तपेली फक्त पुरणाची आणि कोणती सोवळ्यातली, हे सांगणारी माणसे घरात आहेत तोवर विचारून घ्यावे.

यानंतर निगा. आमच्याकडे येणारी भांडी वापरून झिजलेली कमी आणि चकाकी आणण्याच्या नादात बिघडलेली जास्त असतात. सर्वांत वाईट दुकानातली बफाची, म्हणजे घासून चकाकी आणणाऱ्या फिरत्या चाकाची, मोटर. बफ धातू खरवडूनच चकाकी आणतो. ठोक्याच्या भांड्यावरचे ठोके दोन-तीन वेळच्या बफात सपाट होतात, विजेच्या पेनाचे नाव तर पहिल्याच फेरीत पुसट होते. वर मारलेला लॅकर वर्ष-दोन वर्षांत कुठे कुठे सुटतो आणि मग भांडे चट्ट्याचट्ट्यांनी काळे पडते. तो लॅकर काढून टाकावा लागतो. लॅकर मारलेल्या भांड्यात अन्न शिजवणे तर दूरच, गरम पाणीही ठेवू नये.

घरच्या घरी चिंच पुरेशी आहे. एका तांब्याला लिंबाएवढी गोळी, म्हणजे वीसेक ग्रॅम, अर्धी वाटी गरम पाण्यात भिजवून कोळ काढा. त्यात पाव चमचा मीठ. कोकणात आमसुलाचे पाणी वापरतात, तेही तितकेच चांगले. मऊ फडक्याने लावून चोळा आणि दोन मिनिटांच्या आत धुऊन टाका. तांबे थोडा जास्त वेळ सोसते, पितळ सोसत नाही. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आंबटात जस्त आधी विरघळते, तांबे मागे राहते आणि भांड्यावर गुलाबी-लालसर डाग उठतात. रात्रभर चिंचेत बुडवून ठेवलेल्या पितळी देवांचे चेहरे असे लाल झालेले दिसतात. तो डाग म्हणजे मळ नसतो, त्या जागचे पितळच बदललेले असते. घासून तो जात नाही, उलट खड्डा पडतो. चकाकीच्या तयार पावडरींतही आंबटच असते, फक्त जास्त तेज आणि सोबत बारीक खर. ठिपक्यांच्या नावावर ती नकोच.

धुण्याकडे लोक लक्ष देत नाहीत आणि घोटाळा तिथेच होतो. मिठाचा अंश ठिपक्यांत, झाळेच्या सांध्यात, कडीच्या रिबिटाखाली राहतो आणि दमट हवेत दोन दिवसांत तिथून हिरवट पूड बाहेर येते. ती पुसली तरी पुन्हा येत राहते, कारण आतले मीठ संपलेले नसते. म्हणून आंबट लावून झाल्यावर साध्या पाण्याने दोनदा धुवावे, मग एक लिटर पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा घालून त्यात भांडे पाच मिनिटे ठेवावे, दात घासायच्या मऊ ब्रशने अक्षरे आणि सांधे चोळावेत आणि पुन्हा धुवावे. कोरड्या सुती फडक्याने पुसून दहा मिनिटे उन्हात पालथे घालावे. समईचे भाग आट्यांनी जोडलेले असतात. ते उघडून वेगवेगळे धुवावेत. तेलाचा राप गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने निघतो, त्याला चिंच लागत नाही. आटे घट्ट बसले असतील तर रॉकेलचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा. पकड लावून पिळलेल्या समयांचे खांब वाकडे होतात आणि ते सरळ करताना बरेचदा तुटतात.

आणि दर आठवड्याला घासायची गरजही नाही. जुन्या तांब्यावर येणारा तपकिरी थर भांड्याचे नुकसान करत नाही. हिरवे दिसले तर काढा, तपकिरी राहू द्या. पूजेच्या भांड्यांची गोष्ट वेगळी, ती रोज लखलखीतच हवीत. पण मग त्यांवरचे नाव आधी टिपून ठेवा, कारण रोजच्या घासण्याने ते एक दिवस जाणार आहे.

भांडे वापरात ठेवायचे असेल तर कल्हई, म्हणजे आतून कथलाचा पातळ थर, आली. ताक, आमटी, चिंच, टोमॅटो, लिंबू यांपैकी काहीही कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत ठेवले की कळकते आणि पोटात गेले की मळमळते, उलटी होते. तांब्याच्या हंड्यात साधे पाणी चालते. लिंबू पिळलेले पाणी चालत नाही.

कल्हई कशी होते ते माहीत असले की ती नीट झाली का हे कळते. आधी भांडे तेलकटपणा आणि जुना मळ जाईपर्यंत स्वच्छ करतात. मग भट्टीवर फिरवत तापवतात, आत नवसागराची पूड टाकतात, पांढरा धूर उठतो. नवसागर धातूवरचा काळा थर खातो. लगेच कथलाची कांडी आत टेकवली की ती वितळते, आणि कापसाच्या बोळ्याने ते कथील झरझर सगळीकडे फिरवून भांडे पाण्यात बुडवतात. तीन लिटरच्या पातेल्याला पंधरा-वीस ग्रॅम कथील पुरते. भांडे कमी तापले असेल तर कथलाचे गोळे आणि ओघळ राहतात. जास्त तापले तर कल्हई पिवळट-निळसर, जळकी दिसते. तेलकट राहिले असेल तिथे कथील धरतच नाही आणि लाल किंवा पिवळा धातू डोकावतो. बुडाचा कोपरा आणि काठाखालची पट्टी या दोन जागा बोटाने चाचपून पाहा, कंटाळा तिथेच केलेला असतो. धूर छातीला लागतो. मुलांना आणि दमेकऱ्यांना लांब ठेवा.

कथील महाग, म्हणून काही जण शिसे मिसळतात. शिसे शरीरात साठते, त्यामुळे इथे भिडस्तपणा कामाचा नाही. कांडी हातात मागून घ्या. शुद्ध कथलाची बारीक कांडी कानाजवळ धरून वाकवली की बारीक करकर ऐकू येते. शिसे बरेच असेल तर कांडी गप्प वाकते आणि पांढऱ्या कागदावर ओढली की करडी रेघ उठते. दुकानात तयार मिळणाऱ्या 'कल्हईच्या' चकचकीत भांड्यांपैकी काहींवर निकेलचा मुलामा असतो. तो कडक आणि किंचित पिवळसर दिसतो, कल्हई पांढरी आणि काही दिवसांनी मंद होते.

नावाच्या दृष्टीने कल्हईचे दोन धोके. भट्टीत बाहेरची बाजू काळी पडते आणि ती साफ करायला कारागीर तेजाब किंवा वाळू वापरतो. आधीच सांगावे की बाहेरून फक्त चिंच, पैसे थोडे जास्त घ्या. आणि परात किंवा झाकण असेल तर नाव आतल्या बाजूला असते. कथील त्या ठिपक्यांत भरून बसते आणि नाव बुजते. तिथे कल्हईआधी फोटो घेतलाच पाहिजे, किंवा ती परात कणकेसाठी आणि फराळ पसरायला ठेवून तिला कल्हई करूच नये. कोरड्या जिनसांना ती लागत नाही.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. मोठ्या गॅसवर रिकामे पातेले दोन-तीन मिनिटांत तिथवर पोचते. म्हणून कल्हईच्या भांड्यात आधी पाणी, दूध किंवा तूप आणि मग खाली आच. फोडणी लोखंडी पळीत करून वरून ओतावी, तळण तर कधीच नको. घासायला तारेची घासणी नको, काथ्या किंवा कापड पुरे. अशी सांभाळली तर रोजच्या वापरात कल्हई वर्षभर जाते, सणावारापुरती वापरली तर अनेक वर्षे.

आता सध्याच्या एका हौसेबद्दल. घंगाळ आणि पितळी हंडे कुंड्या म्हणून गॅलरीत ठेवण्याची पद्धत पडली आहे. दिसते छान, पण पितळाचा नाश करण्याचा याहून खात्रीचा मार्ग आम्हाला ठाऊक नाही. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. ती घोड्यांच्या पागेजवळ साठवलेली असत आणि मुताच्या अमोनियाने पितळ फुटत असे, हे पुढे तपासात उघड झाले. ठोकून किंवा ओढून घडवलेल्या पितळात ताण कोंडलेला असतो. अमोनिया आणि ओल मिळाली की तो उभ्या चिरांनी बाहेर पडतो. युरियासारख्या खतातून, शेणखतातून तोच अमोनिया सुटतो. त्यामुळे हंड्याचा गळा कोणी न ठोकता तडकतो आणि मातीतल्या क्षारांनी बुड हिरवे होऊन चाळणीसारखे होते. कुंडीच करायची असेल तर आत प्लॅस्टिकची वेगळी कुंडी ताटलीसकट ठेवा आणि पाणी घालताना ती बाहेर काढा. जुने पितळ गोठ्यात किंवा अमोनिया असलेल्या फिनाइल-पॉलिशच्या बाटल्यांशेजारी ठेवू नये, तेही याच कारणाने. तांब्याला हा त्रास जवळपास नाही. दिव्यासाठी हंड्याला भोक पाडणाऱ्यांना काय सांगावे? निदान नावाच्या जागी ड्रिल लावू नका.

पोचे काढणे हे तांबटाचे काम आहे, आतून गोल लोखंडावर टेकवून बाहेरून लाकडी हातोड्याने. पोचा नावाखाली असेल तर काढू नये असे आमचे मत. धातू ताणला की ठिपके पसरतात आणि अक्षर ओळखू येत नाही. गळक्या भांड्याला झाळ मागताना ती पितळी झाळ हवी असे स्पष्ट म्हणा. कथील-शिशाचा डाग (सोल्डर) स्वस्त आणि झटपट, पण अन्नाच्या भांड्याला तो नको, आणि आचेवर तो सुटतोही. काशाच्या भांड्याची मात्र अशी दुरुस्ती होत नाही. कासे म्हणजे तांबे आणि बरेचसे कथील, आवाजाला गोड पण ठिसूळ. पडले की फुटते, ठोकले तर चिरते. काशाच्या ताटात जेवा, पण ते गॅसवर ठेवू नका आणि लोणचे-दही त्यात रात्रभर राहू देऊ नका.

ठेवताना वर्तमानपत्रात गुंडाळू नका, संपादकांची माफी मागून. त्या कागदातल्या आम्लाने धातूवर डाग पडतात. धुतलेले, खळ नसलेले जुने सुती लुगडे किंवा धोतर सर्वांत उत्तम. रबर बँड आणि लोकरी कापड यांत गंधक असते, त्याने पितळ आणि चांदी काळी पडते. एकात एक भांडी घट्ट बसवू नका. ओल अडकते आणि काढताना काठ वाकतात. मुंबई-कोकणातल्या खाऱ्या हवेत पावसाळ्यानंतर एकदा सगळे बाहेर काढून पुसावेच लागते.

परदेशी राहणारी मुले सुट्टीत आली की आजीची समई किंवा पानाचा डबा सोबत नेतात. त्यांच्यासाठी एक सूचना. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तेवढी जुनी नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो. भांड्यावर शक आणि मिती असेल तर वय दाखवायला तोच पुरावा. वर सांगितलेला ७८-७९ चा हिशेब इथे पुन्हा कामाला येतो.

ठेवायला जागाच नाही, त्यांनी काय करावे? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात समया, अडकित्ते, वज्री, स्वयंपाकाची भांडी अशा घरगुती वस्तूंना मान मिळाला, कारण ते संग्रहालय उभे करणाऱ्या काका केळकरांनी त्या मोडीच्या भावाने तोलल्या नाहीत. त्यांनी आयुष्यभराचा हा संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाला दिला. पण प्रत्येक हंडा संग्रहालयात जाणार नाही, जाऊही नये. संग्रहालय विचारते ते हेच: कोणाची, कुठली, कशासाठी वापरली. नाव आणि चिठ्ठी असलेल्या तांब्याचा विचार तरी होतो, नुसत्या तांब्याचा होत नाही. नातेवाइकांत वाटतानाही हाच नियम लावा. ज्या घराचे नाव भांड्यावर आहे त्या घरी आधी विचारा; माहेरहून आलेले भांडे माहेरच्या भाचरांना हवे असते आणि त्यांना ते अस्तित्वात आहे हेच माहीत नसते. सगळा संच ठेवता येत नसेल तर नाव असलेला एक नग ठेवून बाकीचे खुशाल मोडीत द्यावेत.

या पत्राद्वारे दुकानदार मंडळींना एक विनंती. मोड काट्यावर चढवण्याआधी नाव असलेले भांडे बाजूला काढून गिऱ्हाइकाला दाखवावे आणि फोटो घ्यायला दोन मिनिटे द्यावीत. वजनात फरक पडत नाही, भावात पडत नाही. गृहसंकुलांत दिवाळीआधी भंगार गोळा करतात, तिथल्या मंडळींनीही पोती बांधण्याआधी एवढे करावे. आणि आता जे आहेराला तांब्या-पितळेचे, किंवा स्टीलचे का होईना, भांडे देतात त्यांनी नाव विजेच्या पेनाने वरवर न घालता ठिपक्यांनी, काठाखाली बाहेरच्या बाजूला, पूर्ण नावाने, गावासकट आणि इसवी सनासकट घालून मागावे. दुकानदार आद्याक्षरांवर भागवायला बघतो, कारण त्याला अक्षरागणिक वेळ लागतो. वेळेचे पैसे द्या, पण नाव पूर्ण घाला.

कळावे,
तांब्या-पितळेची भांडी नीट करणारे दोघे कारागीर,
पुणे